टीएमसीत न मावणारी नदी

गेल्या पावसाळ्यात घोड नदीला पहिला मोठा पूर आला, तेव्हा शिरूरच्या अलीकडे काठावर उतरून मी त्या पाण्याची एक बाटली भरून घेतली. रंग दाट दुधाच्या चहासारखा होता. बाटली घरी आणून खिडकीत ठेवली. रात्री पाहिले तर तळाशी नखाएवढा जाड, खरबरीत थर बसला होता. सकाळी त्यावर दुसरा, मऊ थर आला. वरचे पाणी मात्र तिसऱ्या दिवशीही निवळले नव्हते. चिकणमातीचे बारीक कण खाली बसायला तयार नव्हते. त्याच सकाळी वर्तमानपत्रात नेहमीचा तक्ता छापून आला होता: कोणते धरण किती टक्के भरले, किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले, किती क्युसेक सोडले. बाटलीच्या तळाशी जे बसले होते, त्याचा आकडा त्या तक्त्यात कुठेच नव्हता.

हा लेख त्या न छापलेल्या रकान्याविषयी आहे. आपण नदी मोजतो ती पाण्यात. पाण्यावरून जिल्हे भांडतात, राज्ये लवादापुढे जातात, आणि प्रत्येक भांडणाची भाषा टीएमसीची असते. पण नदी पाण्याबरोबर दगड, वाळू आणि माती वाहत असते आणि जमीन घडवण्याचे तिचे काम या दुसऱ्या ओझ्यावर चालते. हे ओझे हिशोबात न धरता आपण धरणे बांधली, वाळूचे लिलाव केले, काठावर वसाहती उठवल्या. नदीच्या बाबतीत आज आपल्याला जे जाचते आहे, त्यातले बरेचसे या अर्ध्या वहीमुळे आलेले आहे, असे माझे म्हणणे आहे. ते तपासण्यासाठी मी एकच वाट धरतो: कुकडीतून घोडेत, घोडेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. नदीचे मूळ शोधू नये असे आपल्याकडे म्हणतात, पण इथे मुळापासूनच निघावे लागेल.

कुकडी उगम पावते जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या परिसरात, पूर गावच्या कुकडेश्वराजवळ. नाणेघाटाच्या कड्यावर उभे राहिले की नद्यांच्या कामाचा अर्धा धडा डोळ्यांसमोर असतो. पश्चिमेला जमीन एकदम तुटून कोकणात पडते. पूर्वेला ती इतकी हळू उतरते की उतार जाणवतही नाही. या कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब मुरबाडकडे उतरून उल्हासच्या खोऱ्यातून थोड्याच अंतरात खाडी गाठतो. चार पावले पूर्वेला पडलेल्या थेंबाला समुद्र भेटायला हजार किलोमीटरहून अधिक चालावे लागते. उंची तीच, पण एकाला ती एका उडीत उतरायची आहे आणि दुसऱ्याला अख्खा दख्खन ओलांडत.

उतार जितका तीव्र, तितकी पाण्याची झीज करण्याची ताकद मोठी. म्हणून कोकणच्या बाजूचे ओहोळ कड्याला पायथ्याकडून पोखरत, दरडी पाडत, आपला उगम मागे मागे, म्हणजे पूर्वेकडे सरकवत राहतात. सह्याद्रीची आजची भिंत अशी मागे हटत आलेली भिंत आहे. इंद्रायणीकडे पाहावे. ती कुरवंड्याजवळ, घाटमाथ्याच्या अगदी कडेला उगम पावते. पण लोणावळ्यापासूनच तिचे खोरे एवढे रुंद आहे की ते इतक्या लहान प्रवाहाने कोरले असेल यावर विश्वास बसत नाही. याचा एक उलगडा असा मांडला जातो की, या खोऱ्याचा वरचा भाग पश्चिमेच्या ओढ्यांनी खाऊन टाकला आहे. नदीचे शिर कापले गेले, धड उरले. ज्याला आपण अचल म्हणतो, तो डोंगर नद्यांच्या हिशोबात सतत खर्ची पडतो आहे.

हा डोंगर बनला आहे काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसत गेले. असा कठीण कातळ मऊ पाणी कसे कापते? याचे उत्तर हवे असेल त्याने उन्हाळ्यात निघोजला जावे.

पारनेर तालुक्यातले निघोज आणि शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी यांच्यामध्ये कुकडीचे पात्र उघड्या कातळाचे आहे, आणि त्या कातळात शेकडो रांजणखळगे आहेत. काही वाटीएवढे, काही माणूस उभा मावेल एवढे खोल. एप्रिलच्या दुपारी मी अशा एका खळग्याच्या काठावर पालथा झोपून हात आत घातला. कातळ बाहेरून खडबडीत होता, पण आतली भिंत घोटलेल्या पाटीसारखी गुळगुळीत होती. बोटांना तिच्यावर आडव्या, वळत खाली जाणाऱ्या पन्हळी लागल्या. तळाशी हात पोहोचला तिथे ओली वाळू होती आणि तिच्यात अर्धवट रुतलेले पाच-सहा गोटे, लिंबापासून पेरूपर्यंतच्या आकाराचे. एक उचलून पाहिला. तोही भिंतीइतकाच गुळगुळीत होता.

खळगा त्या गोट्यांनी कोरला होता. पुराच्या पाण्यात भोवरा पडतो, एखाद्या फटीत किंवा मऊ जागी गोटा अडकतो आणि भोवरा त्याला जात्यासारखा फिरवत राहतो. गोटा कातळ झिजवतो आणि स्वतःही झिजतो. तो झिजून संपला की पुढचा पूर दुसरा आणून टाकतो. शेजारचे दोन खळगे रुंदावत एकमेकांत मिळतात, मधली भिंत पडते, आणि पात्र तेवढे खोल जाते. म्हणजे कातळ कापणारे हत्यार दगडच. पाणी ते चालवणारा हात. गाळाविना वाहणारी नदी म्हणजे पटाशीविना सुतार. हे मी पुस्तकात आधी वाचले होते, पण त्या खळग्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर ते खरोखर कळले. नदी आणि तिचे ओझे वेगळे करता येत नाहीत, हे माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याचे मूळ आहे.

आता वाहून नेण्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकात विल्यम हॉपकिन्स या इंग्रज गणितज्ञाने एक हिशोब मांडला: प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की तो ढकलू शकणाऱ्या धोंड्याचे वजन दुपटीने किंवा चौपटीने वाढत नाही, ते चौसष्ट पट वाढते. प्रत्यक्ष नदीत हा नियम इतका काटेकोर चालत नाही, पण त्याचा रोख खरा आहे. उन्हाळ्यातली कुकडी जो गोटा हलवूही शकत नाही, तो श्रावणातली कुकडी गडगडत नेते. पुराच्या रात्री काठावर झोपलेल्या माणसांना पाण्याच्या घोंघावण्याखाली एक दबका गडगडाट ऐकू येतो. तो तळावरून चाललेल्या धोंड्यांचा असतो.

स्वीडनच्या फिलिप युल्स्ट्रॉमने १९३५ मध्ये याच्या पुढची एक गोष्ट दाखवली. सगळ्यांत सहज उचलली जाते ती वाळू. तिच्याहून मोठा गोटा उचलायला जास्त वेग लागतो हे उघड आहे. पण तिच्याहून बारीक चिकणमाती उखडायलाही जास्त वेग लागतो, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. एकदा मात्र ती पाण्यात मिसळली की अगदी संथ प्रवाहातही तरंगत राहते. माझ्या बाटलीने तीन दिवस हेच दाखवले. म्हणून नदी चाळणीसारखे काम करते: वेग कमी होत जाईल तसे आधी धोंडे टाकते, मग गोटे, मग वाळू, आणि सगळ्यांत शेवटी पोयटा आणि चिकणमाती. घाटाखाली धोंडे, मधल्या टप्प्यात वाळूचे पट्टे आणि सपाटीवर मऊ मळई हा क्रम आपण गावोगाव पाहतो.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो आपल्या नेहमीच्या समजुतीच्या विरुद्ध जातो. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा, आणि त्यातही मोठे पूर मोजक्या दिवसांचे. वेग वाढला की ताकद इतक्या झपाट्याने वाढत असेल, तर नदीचे जमीन घडवण्याचे बहुतेक काम त्या मोजक्या दिवसांत होणार. उरलेले वर्ष ती विश्रांती घेते. पूर हा नदीच्या कामाचा दिवस आहे. आपण मात्र उन्हाळ्यातली शांत नदी हीच खरी नदी मानली, तिच्या मापाने पूल, भिंती आणि घरे बेतली, आणि कामावर आलेल्या नदीला आपत्ती हे नाव दिले.

आता तिसरे काम, टाकण्याचे. कुकडीच्याच काठावर, जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, नदीने टाकलेल्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक फिकट थर आहे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी त्याचे नाते जोडले जाते. तो नेमका कोणत्या उद्रेकाचा आणि किती जुना, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण राख हजारो किलोमीटर उडून आली आणि कुकडीने ती आपल्या गाळाखाली झाकून जपली, यात शंका नाही. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी अशीच हत्यारे नदीच्या जुन्या गोट्या-वाळूच्या थरांतून वेचली. महाराष्ट्राचा लिखित इतिहास सातवाहनांच्या आसपास सुरू होतो. त्याआधीची सगळी पाने नद्यांनी लिहून ठेवली आहेत, आणि ती गाळाच्या शाईत आहेत.

थोडे खाली, घोडेच्या काठावर, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे कित्येक हंगाम तिथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. पुराचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी त्या लोकांनी बांध घालून पाट काढला होता, त्याचे अवशेष मिळाले. म्हणजे घोडेच्या काठचा पहिला शेतकरी नदीजवळ आला तो पाण्यासाठी आणि तिने टाकलेल्या मातीसाठीही. पुराचे येणे त्याने धरून चालले आणि वस्ती त्या बेताने बसवली. पुढच्या काळात गावाची ‘पांढरी’ आणि शेताची ‘काळी’ असा भेद आपल्या भाषेत आला, काठच्या जमिनीला मळई म्हणू लागले, पात्रात ओसरत्या पाण्यामागे होणाऱ्या पेऱ्याला गाळपेर हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव जिभेवर असलेल्या माणसाला मळई म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नदीच्या गाळावर जगणाऱ्या समाजाने त्याच्यासाठी इतके शब्द घडवले होते. आजच्या सरकारी तक्त्यात त्यातला एकही नाही.

आणि सगळ्यांत शेवटी त्रिभुज प्रदेश. नाणेघाटाजवळ सुटलेला कण कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असे करत विजयवाड्याच्या पुढे पोहोचतो. तिथे नदीचा वेग संपतो आणि ती आपले ओझे समुद्राच्या तोंडाशी उतरवते. आंध्र प्रदेशातली भाताची ती सपाट, हिरवी जमीन मुख्यतः दख्खनच्या पठारावरून गेलेल्या मातीची आहे. तिकडे गोदावरीचेही तेच. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून १,४६५ किलोमीटर चालून ती कोनसीमेत जे उतरवते, त्यात नाशिक, नगर, मराठवाडा आणि वऱ्हाड-विदर्भाचीही माती आहे. पाण्यावरून भांडणारी राज्ये मातीने एकमेकांत केव्हाच मिसळली आहेत.

ही वाट नदीने लाखो वर्षे अखंड ठेवली. ती आता कुठे तुटते ते पाहू. नाणेघाटाचा कण आज निघाला तर आधी माणिकडोह, मग येडगाव. तिथून निसटला तर घोडेवर चिंचणीचे धरण. पुढे भीमेवर उजनी. कृष्णेत पोहोचला तर जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर, आणि विजयवाड्याला प्रकाशम बंधारा. प्रत्येक जलाशयात पाण्याचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की ओझे खाली बसते. अगदी बारीक चिकणमाती तेवढी पुढे सरकते; गोटे आणि वाळू पहिल्याच जलाशयाच्या शेपटीला थांबतात.

हे किती बसते? श्रीशैलमची मूळ साठवण ३०८ टीएमसी धरली होती. आज ती सुमारे २१५ टीएमसी मानली जाते. नागार्जुनसागरची ४०८ वरून सुमारे ३१२ वर आली. दोन्ही मिळून जवळजवळ १९० टीएमसी जागा गाळाने व्यापली, आणि श्रीशैलममध्ये तर हे अवघ्या चार दशकांत झाले. कोयना धरणाची संपूर्ण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. म्हणजे या एका नदीवरच्या दोनच जलाशयांत पावणेदोन कोयनांहून अधिक जागा गाळाने बुजली. पाण्याच्या एकेका टीएमसीसाठी लवाद बसवणाऱ्या देशात एवढी साठवण गेली, तरी कुठे मोर्चा निघाला नाही.

धरणामागे जे साचते, त्याची तूट धरणापुढे पडते. गाळ टाकून आलेले निवळ पाणी धरणातून सुटते तेव्हा त्याची वाहून नेण्याची ताकद शाबूत असते आणि हात रिकामे असतात. मग ते पुढच्या पात्राचा तळ आणि काठ उखडू लागते. नदीशास्त्रात अशा पाण्याला भुकेले पाणी म्हणतात. ही भूक पुलांचे पाये उघडे पाडते, काठ ढासळवते, आणि शेवटी समुद्रापर्यंत जाते. त्रिभुज प्रदेशातली माती आपल्याच वजनाने हळूहळू दबत असते. दरवर्षी नवा गाळ येत राहिला तरच जमीन पाण्याच्या वर राहते. कृष्णेच्या मुखाशी पोहोचणारा गाळ नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यास सांगतात. तिथे आता समुद्र आत येतो, किनारा तुटतो, विहिरी खाऱ्या होतात. तिथला मच्छीमार जे गमावतो आहे, ते आपल्या जलाशयांच्या तळाशी पडलेले आहे.

वाटेतली दुसरी तूट वाळूची. वाळू आपण मोजतो, पण ब्रासमध्ये आणि विकण्यासाठी. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळूच्या कणांमध्ये साधारण एक तृतीयांश पोकळी असते. म्हणजे पात्रातल्या एका ब्रास वाळूत सुमारे नऊशे लिटर पाणी मावते. एक डंपर चार-पाच ब्रास घेऊन जातो, तेव्हा चार-पाच हजार लिटर पाणी धरण्याची जागाही तो कायमची घेऊन जातो.

हे मी माझ्या आजोळी पाहिले. भीमेच्या काठाला मामांची विहीर होती. माझ्या लहानपणी मे महिन्यात पात्र वरून कोरडे दिसे. पण आजी आम्हां मुलांना वाळूत हातभर झिरा खणायला लावायची. थोड्या वेळात त्यात पाणी चढायचे, आधी गढूळ, मग नितळ. त्या वाळूतून पाझरूनच मामांच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी असे. पुढे पात्रात यंत्रे उतरली, रात्रंदिवस गाड्या भरू लागल्या, आणि काही वर्षांत वाळूखालची चिकणमाती आणि कातळ उघडे पडले. आता त्या जागी पावसाळ्यानंतर डबकी साचतात, त्यांत जलपर्णी वाढते. मामांनी विहीर आणखी दोन परस खोल नेली, मग बोअर घेतले, आणि मग उन्हाळी पीक सोडून दिले. पाऊस तेवढाच आहे आणि नदीही तीच आहे. तिचे ओझे तेवढे कुणीतरी उचलून नेले. विकणाऱ्यांत गावातलेच लोक होते, आणि त्या वाळूतून आमच्यासारख्यांची शहरातली घरे उभी राहिली, हेही मला सांगितले पाहिजे.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. निर्णय योग्य होता. पण त्याच्या अंमलबजावणीला जो आकडा लागतो, तो गाळाचा आहे: या टप्प्यात दरसाल किती नवी वाळू येते? वर धरण झाल्यावर ती येते का? हे न मोजता काढलेला लिलाव म्हणजे मिळकत न पाहता उचललेले कर्ज.

तिसरी तूट जागेची आहे. नदीला गाळ पसरायला काठाची सपाटी लागते. ती सपाटी तिनेच, पुरामागून पूर येऊन, तयार केलेली असते. सांगली, कोल्हापूर, नृसिंहवाडी हा सगळा टापू कृष्णा-पंचगंगेच्या गाळाचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्या पुरामागे अनेक दिवसांचा असाधारण पाऊस होता आणि धरणांच्या विसर्गावरून वादही झाले. तरीही एक गोष्ट वादापलीकडची आहे: पाणी जिथे पसरले, तिथली माती नदीने पूर्वीच आणून ठेवलेली होती. आपल्याकडे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. या रेषा नकाशावर आखण्याच्या फार आधी नदीने त्या मातीत आखलेल्या आहेत. पाया खणताना फावड्याला पोयट्याचे थर लागले, तर तो जागेचा सातबाराच समजावा. मालकाच्या जागी नदीचे नाव असलेला.

आता या म्हणण्यावरचे आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, धरणांविना महाराष्ट्र जगलाच नसता. माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या माणसाला गाळाचे माहात्म्य सांगणे सोपे आहे. त्याला हंडाभर पाणी धरणाने दिले. हे खरे आहे, आणि ज्याच्या घरी टँकर येतो त्याच्यासमोर धरणे नकोत असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी तसे म्हणतही नाही. पण धरणाची बाजू घेणाऱ्यानेच गाळाचा हिशोब सर्वांत आधी मागायला हवा, कारण धरण मारतो तो गाळच. दुष्काळी भागाचा आधार असलेला जलाशय तीन-चार पिढ्यांत उथळ झाला, तर दुसरा बांधायला जागा कुठे आहे? चांगली धरणस्थळे वापरून झाली आहेत.

दुसरा आक्षेप असा की, गाळ मुळात आपल्याच चुकांमुळे वाढला. म्हणजे कमी गाळ येणे चांगलेच. यात अर्धे सत्य आहे. डोंगरउतार उघडे पडले, बांध फुटले, उताराला समांतर नांगरट झाली, आणि शेतातली सुपीक माती ओघळींतून वाहून गेली. ही माती घडायला शतके लागतात. ती शिवारातच अडवली पाहिजे. पण यामुळे आपली नदी एका विचित्र अवस्थेत सापडली आहे: वरच्या अंगाला गाळ नको तितका, खालच्या अंगाला हवा तितकाही नाही. एकाच नदीला अजीर्ण आणि उपासमार दोन्ही झाली आहेत. त्याला एकच औषध सगळीकडे चालणार नाही. कुठे गाळ थांबवायचा, कुठे सोडायचा, कुठे उचलायचा हे टप्प्याटप्प्याने ठरवावे लागेल, आणि त्यासाठी आधी मोजावे लागेल.

महाराष्ट्राने एक पाऊल टाकले आहे. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ उपसून शेतात टाकला जातो. गाळ ही घाण नसून शेतकऱ्याची हरवलेली माती आहे, हे शासनाने या योजनेतून मान्य केले, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. पण लहान तलावाला जे जमते ते उजनीला जमणार नाही. एक टीएमसी म्हणजे एक कोटी ब्रास. एवढा गाळ डंपरने उपसता येत नाही. तो पाण्याकडूनच हलवून घ्यावा लागतो.

हे चीन मोठी किंमत मोजून शिकला. पीत नदीवरचे सानमेनशिया धरण १९६० मध्ये पुरे झाले आणि काही वर्षांतच त्याची मोठी साठवण गाळाने भरली. वरच्या शहरांना पुराचा धोका उभा राहिला, आणि नवेकोरे धरण फोडून त्याच्या तळाशी मोठी दारे बसवावी लागली. तेव्हापासून तिथे नियम आहे: गढूळ पाणी सोडायचे, निवळ पाणी साठवायचे. पुढे श्यावलांगदी धरणातून २००२ पासून ठरवून पूर सोडून गाळ खाली ढकलला जातो. आपल्या नद्या पीत नदीइतक्या गढूळ नाहीत आणि प्रत्येक धरणाला तळाशी दारे बसवणे शक्यही नाही. पण पहिल्या पुराचे, सर्वांत गढूळ पाणी अडवायचे की वाहू द्यायचे, एवढा प्रश्न तरी प्रत्येक धरणाच्या परिचालनात विचारला गेला पाहिजे. आज तिथे पाण्याची पातळी पाहिली जाते, रंग पाहिला जात नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक मोठ्या जलाशयाचे गाळाचे सर्वेक्षण ठरावीक वर्षांनी व्हावे आणि तो आकडा साठ्याच्या आकड्याशेजारी लोकांपुढे ठेवावा. वाळूघाटाच्या लिलावाआधी त्या टप्प्यात पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पात्राची उंची मोजावी, आणि भर पडली नसेल तिथे त्या वर्षी फावडेही लावू नये. बांधकामाला क्रश सँड वापरता येते. नदीला वाळूचा पर्याय नाही. निळ्या रेषेच्या आत नदीला पसरू द्यावे. तिथे शेती असावी, गवत असावे, यात्रा भरावी, पण पक्के घर नसावे. आणि दोन राज्ये पाणीवाटपाला बसतील, तेव्हा मुखाशी किती माती पोहोचली पाहिजे, हाही विषय त्यांच्या कागदावर असावा.

इनामगावच्या शेतकऱ्याकडे आकडे नव्हते. त्याच्याकडे नदीकाठी काढलेल्या अनेक पावसाळ्यांचे भान होते. पूर कुठवर येतो, ओसरताना काय ठेवून जातो, कुठे पेरायचे आणि कुठे राहायचे, हे तो मातीवरून ओळखत होता. आपण ते भान गमावले, म्हणून आपल्याला मोजणी करावी लागणार आहे. ती न करण्याइतके अज्ञानी आपण राहिलेलो नाही.

माझ्या खिडकीतली बाटली अजून तिथेच आहे. पाणी आता पूर्ण निवळले आहे, तळाशी तीन थर स्पष्ट दिसतात: खाली वाळू, मध्ये पोयटा, वर बोटाच्या नखाहून पातळ चिकणमाती. धक्का लागला की वरचा थर धुरासारखा उठतो आणि बसायला पुन्हा दोन-तीन दिवस घेतो. त्यातला एखादा कण नाणेघाटाचा असेल, आणि माझी बाटली आडवी आली नसती तर तो आज निदान चिंचणीच्या धरणापर्यंत पोहोचला असता. येत्या पावसाळ्यात पहिला पूर आला की ती परत घोडेत रिकामी करणार आहे.